निमकर सरांची सॅक

सत्यजीत निमकर यांच्या पाठीवरच्या निळ्या सॅकचं वजन सहा किलो चारशे ग्रॅम होतं. हा आकडा अंदाजपंचे नाही. सरांनी ती काट्यावर ठेवून मोजली होती आणि आतल्या यादीच्या खाली वजन तारखेसह लिहून ठेवलं होतं. सर तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. जे अजून बिघडलेलं नाही ते कसं बिघडेल, याचा विचार करण्याचा पगार त्यांना सव्वीस वर्षं मिळतोय. घरी आल्यावर तो विचार थांबवायचा कसा, हे मात्र कंपनीनं शिकवलेलं नाही.

मी आभा. पनवेलात दातांचा दवाखाना चालवते आणि रविवारी सायकल. आमच्या गटाचं नाव 'पहाटचाक'. नाव देवेशनं ठेवलं, बोधचिन्ह देवेशनं काढलं, जर्सीही त्यानंच छापून आणल्या. जर्सीच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'आम्ही कोणालाही मागे सोडत नाही.' पाठीवर छापल्यामुळे ते फक्त मागे राहिलेल्यालाच वाचता येतं, हे छापताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. निमकर सरांचं ते तोंडपाठ झालं असणार.

देवेश आमचा म्होरक्या. त्याची सायकल कार्बनची. ती एका बोटावर उचलून दाखवणं हा त्याचा रविवारचा पहिला कार्यक्रम. वजन वाढतं म्हणून त्यानं घंटी काढली, स्टँड काढला, पाण्याच्या बाटलीची पकडसुद्धा हलकी बसवली. पोटावरचे आठ किलो तेवढे तसेच ठेवलेत. ते बहुधा कंपनीकडूनच फिट होऊन आलेत. दुसरा हरेश, पारगावचा. विमानतळाला जमीन गेली आणि बदल्यात हरेशला रिकामा वेळ व तीन सायकली मिळाल्या. मनानं मोकळा माणूस, पण चाकात हवा कमी झाली की तो सायकल बदलायचा, हवा भरायचा नाही.

सर आमच्यात आले तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पाठीवर निळी सॅक, आणि सायकल अशी की देवेशनं पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, ही कुठली?"

"माझीच," सर म्हणाले.

सॅकमध्ये काय काय होतं ते मी एकदा पाहिलंय. प्लॅस्टिकमध्ये मढवलेल्या यादीत चार रकाने होते: वस्तू, काय झाल्यास लागेल, शक्यता, परिणाम. सुरुवात समजूतदार होती. तीन मापांच्या ट्यूब, पॅच आणि सोल्युशन, टायर उचकटायच्या पट्ट्या, पंप, ॲलन की, चेन तोडायचं अवजार, ब्रेकच्या वायरी, चार स्पोक. मग यादी हळूहळू हाताबाहेर जायची. सुतळी, मेणबत्ती, शिट्टी, छत्रीच्या दोन काड्या. माझ्या दवाखान्यातला तोंडात घालायचा छोटा आरसाही त्यांनी मागून नेला होता, चेनखाली काय चाललंय ते वाकून बघायला. आणि अठ्ठाविसाव्या क्रमांकावर होकायंत्र. 'पेणच्या रस्त्यावर दिशा चुकल्यास. शक्यता नगण्य, परिणाम गंभीर, घ्यावे.'

"सर," मी म्हटलं, "पनवेलहून पेणला रस्ता एकच आहे, आणि त्यावर दर शंभर पावलांवर वडापाव आहे. चुकायचं कसं?"

"म्हणूनच नगण्य लिहिलंय, डॉक्टर."

सर येण्याआधी आमच्या प्रत्येकाच्या सीटखाली एक छोटी पिशवी असायची. त्यात एक ट्यूब, दोन पट्ट्या, एक छोटा पंप. पहिली पिशवी देवेशची गेली. "सर आहेत ना!" तो म्हणाला. मग हरेशची. वर्षभरात सगळ्यांच्या गेल्या. माझ्या पिशवीत मी आता दवाखान्याच्या किल्ल्या ठेवते. नवीन माणूस गटात आला की त्याला सांगायचो, हेल्मेट आण, पाणी आण, बाकीचं निमकर सर आणतात. आणि वर हसायचोही त्यांनाच. "सर, सॅकमध्ये सिलिंडर आहे का?" "सर, वाटेत कुणाचं बाळंतपण निघालं तर?" या दुसऱ्या विनोदाला सर हसले नाहीत. पुढच्या रविवारी यादीत निर्जंतुक कापूस आणि दोरा वाढला होता.

पंक्चर झालं की आम्ही कडेला उभे राहून वाट पाहायचो. सर सगळ्यात शेवटी असायचे, त्यामुळे कधी ना कधी पोचायचेच. पोचल्यावर ते चाकाला लगेच हात लावत नसत. आधी कारण शोधायचे.

"कशानं झालं?"

"काचेनं, सर."

"काच दिसली नाही?"

"नाही, सर."

"का दिसली नाही?"

बोलण्याच्या नादात होतो म्हणून दिसली नाही, आणि बोलत होतो ते तुमच्याबद्दलच, हे त्यांना कोण सांगणार! कारण सापडलं की मग सर खाली बसायचे आणि सात मिनिटांत चाक परत जागेवर बसवायचे. त्यांचे हात कामाला लागले की बघत राहावं असे होते. मी रोज लहान जागेत लहान अवजारं चालवते, मला ते कळतं. पण कौतुक करायचं सोडून आम्ही त्या सात मिनिटांत मिसळ कुठे खायची ते ठरवायचो.

त्यांचा वेग कमी म्हणून आम्ही प्रत्येक नाक्यावर थांबायचो. पिवळं हेल्मेट दिसलं की टाळ्या वाजवायचो. सरांचा चेहरा तेव्हा असा काही फुलायचा की विचारू नका. शिकलेला, सावध, पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ, पण त्या टाळ्या आपल्यासाठी आहेत असं त्यांना वाटायचं. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

यंदा दसऱ्याला देवेशनं सीमोल्लंघनाची राइड काढली. वडाळे तलावावरून निघायचं, जासईवरून उरणचा समुद्र गाठायचा आणि परत यायचं, सगळं मिळून साठ किलोमीटर. ताशी पंचवीसची सरासरी काढायचीच, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं, कारण रोडपालीच्या एका गटानं बावीसची काढून फोटो टाकले होते. माणसं लंका जिंकायला बाहेर पडायची त्या दिवशी आम्ही रोडपाली जिंकायला निघणार होतो.

पंचवीसच्या सरासरीत निमकर सर बसत नव्हते. दसऱ्याच्या तीन दिवस आधी गटावर देवेशचा संदेश आला: 'सरांची सॅक आपल्या मागून कुणी गाडीत आणू शकेल का? म्हणजे सर नाही आले तरी चालेल.' हा संदेश हरेशला एकट्याला जायचा होता, तो गेला सगळ्यांना. नऊ मिनिटांनी देवेशनं तो काढून टाकला. पण ज्या माणसाचा अर्धा जन्म सूचनाफलक लिहिण्यात आणि वाचण्यात गेला, त्याच्या नजरेतून एक ओळ नऊ मिनिटं निसटेल, असं फक्त देवेशलाच वाटू शकतं. त्या नऊ मिनिटांत संदेशाखाली एक अंगठाही उमटून गेला होता. तो माझा. दोन पेशंटच्या मध्ये होते, नीट वाचलंच नाही, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं तर वाचलं होतं आणि पटलंही होतं.

सर गटावर काहीच बोलले नाहीत. येणाऱ्यांच्या यादीत बारा नावं झाली होती, त्याखाली त्यांनी तेरावं आपलं घातलं.

दसऱ्याला पहाटे साडेपाचला आम्ही तलावाच्या काठी जमलो. हँडलला झेंडू लावले होते, देवेशची बोटावर सायकल उचलून झाली होती. तेवढ्यात सर आले, आणि क्षणभर मी त्यांना ओळखलंच नाही. त्यांची पाठ सपाट होती.

"सर, सॅक?" देवेश म्हणाला. शुभ दसरा नाही, या बसा नाही, पहिला प्रश्न हाच.

"पूजेत आहे."

"म्हणजे?"

"काल खंडेनवमी होती. हत्यारं मांडली. आमच्याकडे आज संध्याकाळी सोनं वाटून झालं की पूजा उठते. तोवर त्यांना हात लावत नाहीत."

"पण दरवर्षी तुम्ही एखादा पाना ठेवता ना?"

"यंदा सगळी ठेवली," सर शांतपणे म्हणाले.

मग पंप कुणाकडे आहे याची चौकशी झाली. बारा जणांत मिळून एक नेलकटर निघालं. सायकलींची दुकानं बंद, आणि उघडी असती तरी त्यांच्याही पान्यांना आज हळदकुंकूच लागलेलं. कुणी म्हणालं, तलावाला पाच फेऱ्या मारू आणि फोटो काढू. कुणी म्हणालं, उरण उद्या करू. ज्यांच्या सायकली बोटावर उचलल्या जातात त्या माणसांची हिंमत सहा किलो चारशे ग्रॅमवर अडली होती. एकाच्याही तोंडून निघालं नाही की सर आलेत ना, मग झालं, चला.

"सरांचं घर करंजाड्याला, वाटेवरच आहे," देवेशला शेवटी सुचलं. "वहिनींना विनंती करू."

सर 'चला' म्हणाले आणि वळले. त्या दिवशी गटाच्या पुढे ते पहिल्यांदा गेले असतील.

करंजाड्याला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये आम्ही बारा जण अंगाला चिकटलेल्या चड्ड्यांत हात जोडून उभे राहिलो. पाटावर लाल कापड, पाटीवर काढलेली सरस्वती आणि तिच्यापुढे ओळीनं सगळी यादी मांडलेली. टायरच्या पट्ट्यांना हळदकुंकू, पंपाला झेंडूची माळ, चेन तोडायच्या अवजारावर अक्षता. होकायंत्राला वेगळं फूल होतं. माझा दातांचा आरसा देवीच्या पायाशी ठेवलेला पाहून मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं.

वसुंधरावहिनी पनवेलच्या कोर्टातून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. लोकांनी आपापली बाजू मांडायची आणि त्यांनी ती ऐकून घ्यायची, यात त्यांची तीस वर्षं गेलेली. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही.

"वहिनी, आमच्यात अक्षता टाकून नारळ जरा हलवला का झाला," हरेश म्हणाला. "देव उठला. काय घोर नाय."

"आणि हत्यारं कामाला लागली तर तोच त्यांचा खरा मान," देवेश म्हणाला. एरवी हा माणूस दिवाळीत उटणं लावत नाही.

तिसऱ्यानं मोबाइलवर शोधून जाहीर केलं की तातडीच्या कारणासाठी पूजा लवकर उठवायला शास्त्राची हरकत नाही. शास्त्र कोणतं ते पान मात्र उघडत नव्हतं.

"झालं सगळ्यांचं?" वहिनींनी विचारलं. "टाकते अक्षता. फक्त एवढं सांगा, सामान न घेता हे एकटे आले, तर तुम्ही निघणार आहात का?"

आम्ही पंपाच्या माळेतले झेंडू मोजायला लागलो.

"आणि सामान मिळालं आणि हे नाही आले, तर?"

देवेशनं घसा साफ केला. "वहिनी, हा सेफ्टीचा प्रश्न आहे."

सव्वीस वर्षं सेफ्टीची भाकरी खाल्लेला माणूस समोर उभा होता. सरांनी देवेशकडे असं पाहिलं, जसं परीक्षक पाठांतर म्हणणाऱ्या मुलाकडे पाहतो. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं. हे बाकीच्या अकरा जणांनाही त्याच वेळी वाटलं असावं, कारण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते.

"वसुंधरा, टाक अक्षता," सर म्हणाले.

वहिनींनी आमच्याकडे न पाहता अक्षता टाकल्या आणि नारळ हलवला. सरांनी एकेक वस्तू यादीच्या क्रमानं सॅकमध्ये भरली. कुंकू पुसलं नाही. चार मिनिटं लागली, आम्ही चारही मिनिटं घड्याळात पाहत होतो. भरलेली सॅक त्यांनी देवेशच्या हातात दिली. देवेशनं ती एका बोटावर घ्यायचा प्रयत्न केला नाही, सरळ हरेशकडे दिली. हरेश म्हणाला, "डॉक्टरची पाठ चांगली हाय." अशी ती माझ्याकडे आली.

"मी थांबतो," सर म्हणाले. "पंचवीस मला झेपायची नाही."

"अहो सर, चला की!" असं आम्ही म्हटलं. एकदाच म्हटलं, आणि तेही जिना उतरता उतरता.

करंजाड्याचा पूल चढतानाच मला कळलं की सहा किलो चारशे ग्रॅम यादीत वाचणं वेगळं आणि खांद्यावर घेणं वेगळं. पट्टे काचत होते, आत काहीतरी टोकदार मणक्याला टोचत होतं, बहुधा होकायंत्र. गट दिसेनासा झाला. गव्हाण फाट्याला पोचले तेव्हा सगळे टपरीपाशी उभे होते. मला पाहून टाळ्या वाजल्या आणि कुणीतरी ओरडलं, "सॅक आली रे!" यातल्या चौघांच्या अक्कलदाढा मी काढल्यात. माझं नाव त्यांना माहीत आहे.

टपरीवर अर्धा तास गेला, कारण उपाशीपोटी पंचवीसची सरासरी निघत नाही म्हणे. पुढे जासईला कंटेनर यार्डांची रांग सुरू झाली तिथे देवेशचं मागचं चाक बसलं. या रस्त्यावर ट्रेलरची टायरं फुटतात आणि त्यांच्यातल्या केसाएवढ्या बारीक तारा रस्त्यावर पसरतात. त्यातलीच एक शिरली होती. देवेश मात्र निवांत होता.

"काढा सामान," तो म्हणाला, जणू सामानच खाली बसून काम करणार आहे.

सगळं रस्त्याच्या कडेला मांडलं. यादीत वस्तू होती, शक्यता होती, परिणाम होता. कसं वापरायचं, हा रकानाच नव्हता. तो सरांच्या हातात होता. मागचं चाक काढायलाच पाऊण डझन माणसं लागली. पहिली ट्यूब देवेशनं टायर आणि पट्टीच्या मध्ये चिमटून फोडली. दुसरी हरेशच्या नव्या सायकलीच्या मापाची होती, ती याच्यात कोंबायला गेलो तर बसेना, बसली तेव्हा फाटली. तिसरीला पंप लावताना हरेशनं जोर केला आणि व्हॉल्व्हचं तोंडच हातात आलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दातात सिमेंट भरते, म्हणजे पॅच मला जमणारच. चाकातल्या मूळ ट्यूबला मी सोल्युशन लावलं, वर पॅच दाबला आणि हवा भरली. पॅच सावकाश सरकत सरकत बाहेर आला. सोल्युशन आधी वाळू द्यायचं असतं, हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल. सर काम करत असताना मी मिसळीचं ठरवत होते.

समोर एक पंक्चरचं दुकान होतं. मालक कमळाकर घरत नवा सदरा घालून आला. दुकानात त्यानंही पूजा मांडली होती, हवेच्या टाकीला केवढा तरी हार.

"काय झाला?" त्यानं विचारलं.

"पंक्चर आहे, दादा, जरा काढून द्या ना," मी म्हटलं.

"आज हत्याराला हात लावाचा नाय, ताई. वरसातून एक दिस त्याला आराम." मग त्याची नजर खाली गेली. पंपाला अडकलेला झेंडू त्यानं पाहिला, पट्ट्यांवरचं कुंकू पाहिलं. "ही पूजेतली हायत का?"

हरेश पुटपुटला, "हां, अक्षता टाकून घेतलीत."

"तुमची हायत?"

"नाय. आमच्या एका सरांची."

"मग सर कुठं हायत?"

हरेशनं माझ्याकडे पाहिलं, मी देवेशकडे, देवेशनं आपल्या चाकाकडे.

"मानसाला घरी ठेवला नि हत्यारां उचलून आनलीत?" कमळाकर म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याला खरोखरच कळत नव्हतं. त्यानं आम्हाला पाणी दिलं, टेम्पोवाल्या चुलतभावाला फोनही केला. पण त्या वस्तूंना त्यानं हात लावला नाही. मला इतकी लाज वाटली की मी हेल्मेट काढलंच नाही, जणू ओळखणारं कुणी भेटणार होतं.

शेवटी मी सरांना फोन लावला. उचलला वहिनींनी.

"फोन घरीच ठेवून गेलेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही निघालात आणि दहा मिनिटांत सायकल घेऊन हेही निघाले. उरणला जातो म्हणाले. वाटेत दिसले नाहीत?"

दिसायचे कसे! आम्ही टपरीवर वडे खात होतो तेव्हा ते मागून येऊन पुढे निघून गेले असणार. पिवळं हेल्मेट मागून येतं एवढंच आम्हाला माहीत. ते पुढे गेलं तर दिसायला आमचं लक्ष हवं होतं. सेफ्टी ऑफिसर निमकर पंप न घेता, ट्यूब न घेता, फोनसुद्धा न घेता घराबाहेर पडले होते. मला एकदम भीती वाटली, आणि त्या भीतीखाली थोडा आनंदही होता.

पावणेनऊच्या सुमाराला ते उरणकडून परत येताना दिसले, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं. मध्ये दुभाजक आणि दोन्हीकडून ट्रेलर. एवढ्या वेगात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आम्ही बाराही जण हात हलवायला लागलो, हरेशनं सॅकमधली शिट्टी काढून फुंकली. सरांनी ब्रेक लावला आणि एक पाय खाली टेकला.

"कुणाला लागलं का?" त्यांनी ओरडून विचारलं.

"नाही, सर! पंक्चर आहे!"

"लागलं नाही ना कुणाला?"

"नाही!"

"बरं!" मग थोडं थांबून, "सामान आहे ना?"

"आहे!" देवेश ओरडला. "सगळं आहे! सर, इकडे या ना!"

मध्ये एक ट्रेलर आला, त्याच्यामागे आणखी दोन, चाळीस चाळीस फुटांचे. ते सरकेपर्यंत सर पनवेलच्या दिशेला लागले होते. देवेश म्हणाला, ऐकू गेलं नसेल. कुणी त्याला दुजोरा दिला नाही. कमळाकरच्या चुलतभावाच्या टेम्पोला पुढे झेंडूचा हार होता. त्यात कार्बनची सायकल घालून देवेश मालकासारखा ड्रायव्हरशेजारी बसला आणि आम्ही मागून सायकली हाणत परत आलो. उरण पाहिलंच नाही. गटावर संध्याकाळी देवेशनं झेंडू लावलेल्या हँडलचा फोटो टाकला, खाली 'सीमोल्लंघन' लिहून.

सॅक परत द्यायला कोण जाणार, यावर दोन दिवस गटावर शांतता होती. तिसऱ्या दिवशी मी गेले. तीन नव्या ट्यूब आत भरल्या होत्या, कुंकू तसंच ठेवलं होतं. वहिनींनी दार उघडलं, आत बोलावलं आणि आपट्याचं पान हातावर ठेवलं. मोठेपणा त्यांचा. मी पाया पडले.

सरांनी सॅक उघडून यादीप्रमाणे तपासली.

"ट्यूब नव्या दिसतात."

"तिन्ही फुकट घालवल्या आम्ही."

"तिन्ही?" त्यांना हसू आवरेना. मग म्हणाले, "पाऊण तासात जासई ओलांडली मी. समुद्रावर दहा मिनिटं बसलोसुद्धा. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी हळू चालवतो."

"सर, त्या संदेशावरचा अंगठा माझा होता."

"माहीत आहे, डॉक्टर. नाव येतं ना तिथे." त्यांनी यादी परत आत सरकवली. "चुकून दाबला गेला असेल."

"नाही, सर. चुकून नाही."

सर सॅकचे पट्टे सरळ करू लागले. वहिनी आतून चहा घेऊन आल्या, कप ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. बाहेर करंजाड्याच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर शिट्ट्या मारत मागे येत होता. मी मोठ्या मुश्किलीनं म्हटलं, "रविवारी याल ना? सगळे वाट बघतायत."

सरांनी सॅकवर हात ठेवला. "ही आणू का?"

नको, असंच म्हणायचं होतं मला. मनापासून म्हणायचं होतं. पण तोंड उघडायच्या आत जासईचा रस्ता डोळ्यांपुढून गेला, त्या बारीक तारा, तो सरकत बाहेर आलेला पॅच, सात मिनिटांत चाक बसवणारे हात. फार नाही, एक घोट चहा पिण्याएवढा वेळ गेला असेल.

"नको, सर. तुम्ही नुसते या," मी म्हटलं.

सर माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी सॅकची चेन शेवटपर्यंत ओढली.

"आणतो," ते म्हणाले.